सिलेंडर तोच, गॅस तोच, तरी डेल्टा भटकतो: लेझरने कार्बन-१३ मोजताना परत परत येणारं दुखणं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. सीओटूमधल्या कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचं गुणोत्तर मोजण्यासाठी ४.३ मायक्रॉनचा लेझर, गॅस सेल आणि डिटेक्टर असा सेटअप लावलेला असतो. सकाळी एका सिलेंडरचा डेल्टा (हे गुणोत्तर प्रमाण मापापेक्षा किती हजारांशांनी कमी-जास्त आहे तो आकडा) उणे ३० परमिल येतो, दुपारी त्याच सिलेंडरचा उणे ३३, आणि संध्याकाळी पुन्हा उणे ३० च्या आसपास. सिलेंडरमधला गॅस काही दिवसभरात बदलत नाही. मग कोणीतरी डेल्टा आणि खोलीचं तापमान यांचा ग्राफ काढतं. बऱ्यापैकी सरळ रेषा मिळते, तिचा उतार कोडमध्ये टाकला जातो आणि आठवडाभर सगळे खूश. पुढच्या सोमवारी दुखणं परत हजर. कधी कधी तर उलट्या दिशेने: तापमान वाढलं की डेल्टा आता खाली जाण्याऐवजी वर जातो.

हे उलट्या दिशेने जाणं हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो, आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. तापमानाबरोबर डेल्टा हलतो, या एकाच लक्षणामागे निदान तीन वेगळी कारणं असू शकतात. एक गॅसमधल्या रेणूंचं, एक खिडक्या-आरशांचं आणि एक सेलच्या बाहेरच्या हवेचं. तिन्ही दुपारी वाढतात, त्यामुळे तापमानाच्या ग्राफवर तिघंही सारखीच दिसतात. कोणतं आहे हे न ओळखता दुरुस्तीचा गुणांक लावला की तो काही दिवस चालतो, मग फसतो. म्हणून आधी कोडला हात लावू नका.

रेषा निवडतानाच पडलेला पेच

एक परमिल म्हणजे गुणोत्तरात एक हजारांश फरक. कार्बनच्या प्रमाण मापात, म्हणजे व्हीपीडीबीमध्ये, कार्बन-१३ चं कार्बन-१२ शी गुणोत्तर साधारण ०.०११२ आहे. ०.१ परमिलपर्यंत पोचायचं तर दोन्ही रेषांच्या (कार्बन-१२ आणि कार्बन-१३ वाल्या सीओटूच्या एकेका शोषण-रेषेच्या) क्षेत्रफळांचं गुणोत्तर दहा हजारांत एक इतक्या अचूकतेनं हवं. इतक्या बारकाईला सेटअपमधली प्रत्येक गोष्ट आपापलं मत मांडायला लागते.

सीओटूच्या असममित ताण-कंपनाचा पट्टा कार्बन-१२ साठी २३४९ प्रति सेंमीला (हा तरंगांक, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंगलांबी मावतात तो आकडा; ऊर्जाही याच मापात मोजतात) आहे, कार्बन-१३ साठी २२८३ ला. मधलं अंतर ६६. आपला लेझर एका स्वीपमध्ये, म्हणजे तरंगांकाच्या एका फेरीत, फार तर एक-दोन प्रति सेंमी फिरतो. म्हणजे दोन्ही रेषा एकमेकींच्या शेजारी हव्यात. त्या मिळतात २३१० च्या आसपास, जिथे कार्बन-१२ च्या पी शाखेचं (पट्ट्याच्या कमी तरंगांकाकडच्या रेषांचं) शेपूट आणि कार्बन-१३ ची आर शाखा (जास्त तरंगांकाकडच्या रेषा) एकमेकींत मिसळतात. पण कार्बन-१२ चे रेणू जवळपास नव्वदपट जास्त. (कार्बन-१३ चा शोधही १९२९ साली किंग आणि बर्ज यांना असाच लागला, कार्बनच्या जोरदार पट्ट्याशेजारी एक पुसट पट्टा दिसला म्हणून. पुसट आणि जोरदार यांना एका चौकटीत बसवण्याची कटकट तेव्हापासूनची आहे.)

दोन्ही रेषा सारख्याच खोल हव्यात म्हणून आपण काय करतो? कार्बन-१२ ची मुद्दाम अशक्त रेषा निवडतो. अशक्त म्हणजे जिच्या खालच्या पातळीची ऊर्जा जास्त आहे, त्यामुळे खोलीच्या तापमानाला तिथे रेणूच कमी आहेत. आता हिशेब बघा. २९६ केल्व्हिनला उष्णतेची ऊर्जा २०६ प्रति सेंमी. संख्या नव्वदपट खाली आणायला खालच्या पातळीत २०६ च्या साडेचार पट, म्हणजे सुमारे ९२५ प्रति सेंमीचा फरक लागतो, कारण नव्वदचा नैसर्गिक लॉगरिदम साडेचार आहे. आणि अशा जोडीच्या गुणोत्तराची तापमानावरची संवेदनशीलता म्हणजे हा फरक गुणिले १.४३९ (प्रति सेंमीचं केल्व्हिनमध्ये रूपांतर करणारा आकडा), भागिले तापमानाचा वर्ग. उत्तर येतं ०.०१५, म्हणजे दर अंशाला १५ परमिल.

हा आकडा पहिल्यांदा पाहिला की बहुतेकांना कोडात चूक आहे असं वाटतं. चूक नाही. ०.१ परमिल हवं असेल तर अशा जोडीसाठी गॅसचं तापमान सात मिलिकेल्व्हिनपर्यंत स्थिर किंवा माहीत असायला हवं. सेलवर चिकटवलेला थर्मिस्टर एवढं खरं बोलत असेल का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दिशाही इथूनच कळते. तापमान वाढलं की जास्त ऊर्जेच्या पातळीत रेणू वाढतात, म्हणजे कार्बन-१२ ची रेषा जोर धरते, गुणोत्तर घटतं, डेल्टा खाली. तुमच्या जोडीत कार्बन-१२ ची रेषा जास्त ऊर्जेच्या पातळीची असेल आणि डेल्टा तापमानाबरोबर वर जात असेल, तर दोषी रेणू नाहीत. तिथेच ते कारण बाद करा.

पहिली रात्र: एक सिलेंडर, बाकी काही नाही

निदानाची सुरुवात एकाच सिलेंडरने करा. रात्रभर तोच गॅस, संथ प्रवाहात. मिनिटाला ५० मिली सोडलात तरी बारा तासांत ३६ लिटर जातात. दहा लिटरच्या सिलेंडरमध्ये दीडशे बारला साधारण दीड हजार लिटर गॅस असतो, त्यामुळे कंजुषी नको. गॅस भरून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ठेवायचा मोह होतो, पण तसं केलंत तर भिंतींवरून सुटणारा सीओटू आणि बारीक गळती यांची भर पडते आणि चित्र गढूळ होतं.

डेल्टासोबत एवढं लॉग करा: दोन्ही रेषांची क्षेत्रफळं वेगवेगळी, सेलचं तापमान, बाहेर जाणाऱ्या गॅसचं तापमान, ऑप्टिकल बॉक्समधल्या हवेचं तापमान, दाब, रेषेचं शिखर स्वीपमध्ये कितव्या बिंदूवर आहे ते, डिटेक्टरवरचा एकूण प्रकाश, आणि फिटचा रेसिड्यूअल (रेषेवर गणिती वक्र जुळवल्यावर उरणारा फरक). शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. नुसते डेल्टाचे आकडे साठवून कच्चा वर्णपट फेकून देणारी प्रोग्रॅमिंगची सवय असेल तर ती आजच सोडा. डिस्क स्वस्त आहे.

सकाळी ॲलन डेव्हिएशनचा, म्हणजे सरासरीचा काळ वाढवत नेल्यावर लागोपाठच्या सरासऱ्यांमध्ये उरणाऱ्या फरकाचा, लॉग-लॉग ग्राफ काढा. सुरुवातीला सरासरीचा काळ वाढेल तसा तो उणे अर्ध्या उताराने खाली येतो, कुठेतरी तळाला टेकतो आणि मग वर चढतो. तळ जिथे आहे त्याहून जास्त वेळ सरासरी काढून फायदा नाही, आणि दोन कॅलिब्रेशनमधलं अंतरही त्याहून जास्त ठेवायचं नाही. मधेच फुगवटा दिसला तर काहीतरी ठरावीक काळाने हलतंय. शुद्ध साइन लाटेसाठी हा फुगवटा तिच्या कालावधीच्या ०.३७ पटीला येतो. फुगवटा साडेपाच मिनिटांना असेल तर पंधरा मिनिटांची आवर्तनं करणारं काय आहे ते शोधा. दहापैकी आठ वेळा ते डोक्यावरच असतं: एसीचा कॉम्प्रेसर. ज्या संस्थांमध्ये संध्याकाळी सहाला एसी बंद करायचा नियम आहे तिथे हा फुगवटा सहानंतरच्या डेटात गायब होतो, आणि मग शंकाच उरत नाही.

तापमान की फ्रिंज? नायट्रोजनला विचारा

आता मुख्य चाचणी. तापमानाबरोबर चालणारा भटकाव रेणूंचा आहे की ऑप्टिक्सचा, हे ओळखायला फार यंत्रसामग्री लागत नाही.

सेलमध्ये शुद्ध कोरडा नायट्रोजन भरा. सीओटू नाही, म्हणजे रेषा नाहीत. सिग्नल लेझरच्या पॉवरचा सरळ चढ असायला हवा. त्यातून गुळगुळीत वक्र वजा केल्यावर बारीक लाट उरली तर ती फ्रिंज. कोणत्या तरी दोन समांतर पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागे-पुढे परततोय आणि स्वतःशीच व्यतिकरण करतोय. लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर मोजलंत की गुन्हेगार किती जाडीचा आहे ते कळतं: एक भागिले अपवर्तनांकाच्या दुपटीला लांबीने गुणून. शिखरं ०.०४ प्रति सेंमीवर असतील तर हवेत साडेबारा सेंटिमीटरचं अंतर. पट्टी घ्या आणि बॉक्समध्ये साडेबारा सेंटिमीटरवर समोरासमोर काय काय आहे ते बघा. लेझरची लेन्स आणि सेलची खिडकी, किंवा खिडकी आणि डिटेक्टरचं झाकण, असं काहीतरी निघतं. शिखरं जवळपास १.२ प्रति सेंमीवर असतील तर तीन मिलिमीटर जाडीची कॅल्शियम फ्लोराइडची खिडकी स्वतःच.

ही लाट किती त्रास देते? शोषण ०.१ असेल आणि फ्रिंज दहा हजारांत एक इतकीच, तरी रेषेच्या खोलीत एक हजारांश चूक. म्हणजे एक परमिल. डोळ्यांना स्क्रीनवर ती लाट दिसतही नाही.

आणि तापमानाशी तिचं नातं असं. अंतर अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे २.१५ मायक्रॉनने बदललं की लाट एक पूर्ण घर सरकते. साडेबारा सेंटिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे २.९ मायक्रॉन वाढतं. म्हणजे खोली एक अंशाने तापली की फ्रिंज एका घराहून जास्त सरकली. रेषेखाली आधी लाटेचा चढ होता, आता उतार आहे, मग पुन्हा चढ. डेल्टा वर, खाली, परत वर.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे बघा. दिवसभरात बेसप्लेट अंशाच्या लहानशा भागानेच हलली तर आपल्याला त्या लाटेचा एक छोटा तुकडा दिसतो. तुकडा जवळजवळ सरळ असतो. आपण त्यालाच रेषा मानून उतार काढतो. पुढच्या आठवड्यात कोणीतरी आरसा जरासा फिरवतो, खिडकी पुसतो किंवा बाहेर ऊन चढून खोलीचं सरासरी तापमानच दोन अंश वर जातं. आता आपण लाटेच्या दुसऱ्या उतारावर आहोत आणि जुना गुणांक चूक कमी करण्याऐवजी दुप्पट करतोय. तापमानाचा दुरुस्ती-गुणांक दर दुरुस्तीनंतर चिन्ह बदलत असेल तर तो तापमानाचा गुणांक नव्हेच.

दुसरा पुरावा संहतीचा. तोच सीओटू ४०० आणि ८०० पीपीएम अशा दोन संहतींना मोजा आणि दोन्ही वेळा दिवसभराचा भटकाव बघा. रेणूंच्या पातळ्यांमुळे येणारी चूक टक्केवारीत असते, त्यामुळे दोन्ही संहतींना भटकाव तेवढाच. फ्रिंजची लाट मात्र संहतीला ओळखत नाही. रेषा दुप्पट खोल झाली की तिचा डेल्टावरचा परिणाम निम्मा होतो. ही एक चाचणी दुपारभरात होते आणि महिनाभराची वादावादी वाचवते.

फ्रिंज पकडली गेली तर उपाय ऑप्टिक्सचे आहेत, गणिती नव्हेत. खिडक्या थोड्या तिरक्या करा, किरण खिडकीला काटकोनात आदळता कामा नये. समांतर बाजूंच्या खिडक्या काढून पाचरीसारख्या, म्हणजे एका बाजूला जाड असलेल्या, बसवा. लेन्सऐवजी शक्य तिथे वक्र आरसा वापरा, कारण आरशाला मागची बाजूच नसते. कोणता पृष्ठभाग दोषी आहे याची खात्री होत नसेल तर नायट्रोजन भरलेला असताना एकेक माउंट बोटाने हलकेच दाबा. ज्याला दाबल्यावर लाट सरकते तोच. मल्टिपास सेल (आरशांमध्ये किरण अनेकदा फिरवणारा) असेल तर आरशावरचे ठिपके एकमेकांवर चढलेत का ते बघा. एका ठिपक्याचा प्रकाश शेजारच्यात सांडला की लांब अंतराची, फार बारीक घरांची फ्रिंज तयार होते, आणि ती खिडक्या कितीही तिरक्या केल्यात तरी जात नाही.

नायट्रोजनचा वर्णपट घेऊन तो नमुन्याच्या वर्णपटातून वजा करायची पद्धतही आहे. चालते, पण फ्रिंज सरकायच्या आत परत नायट्रोजन घ्यावा लागतो. वर दिलेला ॲल्युमिनियमचा हिशेब बघितलात तर तो वेळ किती कमी आहे हे कळेल. मी तिला कुबडी म्हणतो. पाय मोडलेला असताना उपयोगी, कायमची नाही.

खरंच गॅसचं तापमान असेल तर

नायट्रोजनमध्ये लाट नाही, दोन्ही संहतींना भटकाव सारखा, आणि दिशाही रेणूंच्या हिशेबाशी जुळते. मग गॅसचं तापमान. इथे दोन रस्ते आहेत.

एक, तापमान खरोखर धरून ठेवा. सेलभोवती इन्सुलेशन, आणि सेटपॉइंट खोलीच्या कमाल तापमानापेक्षा निदान पाच अंश वर, म्हणजे हीटरला नेहमी काम राहतं. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीचं कमाल तापमान काय असतं ते धरून सेटपॉइंट ठरवा. ३५ अंशांवर ठेवलेला सेल खोली ४० ला गेल्यावर नियंत्रणात राहूच शकत नाही, कारण हीटर थंड करत नाही. आत येणारा गॅस सेलच्या तापमानाचा नसतो ही गोष्टही विसरली जाते. इन्सुलेशनच्या आतच स्टीलच्या बारीक नळीचं एक मीटरभर वेटोळं घालून गॅस त्यातून आणा, म्हणजे तो सेलमध्ये शिरण्याआधीच भिंतींच्या तापमानाला येतो. थर्मिस्टर सेलच्या बाहेरच्या अंगाला चिकटवला असेल तर तो भिंत सांगतो, गॅस नाही. प्रवाह बदलल्यावर डेल्टा सरकत असेल आणि थर्मिस्टर ढिम्म असेल तर हेच कारण.

दोन, रेषांची जोडीच बदला. खालच्या पातळीतला फरक १० प्रति सेंमीवर आणलात तर संवेदनशीलता अंशाला ०.१६ परमिल उरते आणि सात मिलिकेल्व्हिनची कसरत संपते. किंमत ही, की आता कार्बन-१२ ची रेषा नव्वदपट खोल. एकाच मार्गलांबीत एक रेषा जेमतेम दिसते आणि दुसरी तळाला लागते. त्यावर काही गट एकाच सेलमध्ये दोन मार्ग काढतात, कार्बन-१३ साठी लांब, कार्बन-१२ साठी आखूड. ऑप्टिक्स वाढतं, पण नव्याने सेटअप उभारत असाल तर माझं मत याच बाजूने आहे. बांधून झालेला सेटअप मोडून हे करायचं की नाही, ते तुमच्याकडे तापमान-नियंत्रणाची चांगली यंत्रणा आहे की नाही यावर.

सेलच्या बाहेरचा सीओटू

४.३ मायक्रॉनवर काम करणाऱ्यांचं हे खास दुखणं आहे. २ मायक्रॉनवाल्यांना ते कमी जाणवतं, कारण तिथे रेषा कितीतरी अशक्त आहेत. लेझरपासून सेलपर्यंत आणि सेलपासून डिटेक्टरपर्यंत किरण खोलीच्या हवेतून जातो, आणि त्या हवेतही सीओटू आहेच.

समजा सेलमधला मार्ग २४ मीटर, दाब ५० टॉर, नमुना ४२० पीपीएम. बाहेरचा मार्ग ३० सेंटिमीटर, वातावरणाच्या दाबाला, आणि दोन माणसं बसलेल्या बंद खोलीत ६०० पीपीएम. मार्ग, दाब आणि संहती यांचा गुणाकार केलात तर बाहेरचा सीओटू आतल्याच्या चौथाईहून जास्त निघतो! तो पूर्ण दाबाला असल्याने त्याची रेषा रुंद आणि बसकी असते, आतल्या रेषेसारखी टोकदार नाही, त्यामुळे फिट करणारा प्रोग्रॅम तिला बेसलाइन समजतो. थोडी बेसलाइनमध्ये जाते, थोडी रेषेत. किती कुठे जाईल ते त्या दिवसाच्या खोलीवर अवलंबून. श्वासात चार टक्क्यांच्या आसपास सीओटू असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट. कोणी बॉक्सवर वाकून बघितलं की डेल्टा उडी मारतो, हे तुम्ही पाहिलं असेल.

ओळखायची खूण: भटकाव माणसांच्या ये-जा बरोबर चालतो. सुटीच्या दिवशी आणि रात्री सेटअप शहाण्यासारखा वागतो. जेवणाच्या सुटीत सुधारतो.

उपाय म्हणजे बॉक्स बंद करून त्यात नायट्रोजनचा पर्ज, म्हणजे सतत नायट्रोजन सोडून आतली हवा बाहेर ढकलणं. पर्ज आहे तरी दुखणं येतंय? सिलेंडर संपत आलाय का, प्रवाह तेवढाच आहे का, आणि मुख्य म्हणजे बॉक्सच्या कोपऱ्यांत पोचतोय का ते बघा. पर्ज सुरू केल्यावर लगेच मोजायला बसू नका. सेलमध्ये नायट्रोजन भरलेला असताना २३४९ च्या आसपासची कोणतीही जोरदार कार्बन-१२ रेषा लेझरच्या आवाक्यात येत असेल तर तीच तुमची पर्ज तपासायची मोजपट्टी. ती दिसेनाशी झाली की बॉक्स तयार.

श्वासाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूच्या युरिया चाचणीसारख्या श्वासाच्या कामात दोन माणसांचा मूळ डेल्टा काही परमिलनी वेगळा आला तर उपकरणाला दोष देऊ नका. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या सी-४ वनस्पती, त्यांचा डेल्टा उणे १२ च्या आसपास. तांदूळ आणि गहू सी-३, उणे २७ च्या जवळपास. भाकरी खाणाऱ्याचा आणि भात खाणाऱ्याचा श्वास सारखा येणार नाही. त्या चाचणीत म्हणूनच कार्बन-१३ चा युरिया देण्याआधीचा श्वास घेऊन फरक बघतात.

संहती बदलली की डेल्टा बदलतो

हे वेगळं दुखणं, पण याच लोकांना होतं. एकाच सीओटूच्या चार-पाच संहती बनवा आणि डेल्टाचे दोन ग्राफ काढा, एक संहतीशी, एक संहतीच्या व्यस्ताशी. व्यस्ताशी सरळ रेषा आली तर कुठेतरी ठरावीक भर पडतेय: फ्रिंज, बाहेरचा सीओटू, किंवा नळीतली गळती. (वातावरणातल्या सीओटूसाठी कीलिंगने १९५८ साली वापरलेला ग्राफ तो हाच, फक्त तिथे भर खरी होती.) संहतीशीच सरळ रेषा आली तर डिटेक्टर किंवा त्यामागचा प्रीअँप्लिफायर सरळ वागत नाहीये, नाहीतर रेषेचा आकार फिटमध्ये चुकीचा धरलाय.

डिटेक्टरसाठी सोपी परीक्षा: किरणात तारेची बारीक जाळी धरून प्रकाश निम्मा करा. डेल्टा हलता कामा नये. हलला तर मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइडच्या डिटेक्टरवर फार प्रकाश पडतोय. आणि एकदा सेलमध्ये शुद्ध सीओटू भरून बघा. कार्बन-१२ च्या जोरदार रेषेचा मध्य पूर्ण काळा व्हायला हवा, लेझर बंद असतानाच्या पातळीइतका. तिथे काही उजेड उरत असेल तर तो सेलमधून न जाता डिटेक्टरवर पोचतोय किंवा लेझर एकाहून जास्त मोडमध्ये चालतोय. हा उरलेला उजेड खोल रेषेला उथळ रेषेपेक्षा जास्त फसवतो, म्हणून डेल्टा संहतीबरोबर सरकतो.

मिश्रणाचा पायाभूत गॅसही तपासा. कॅलिब्रेशनचा सीओटू शुद्ध नायट्रोजनमध्ये आणि नमुना हवेत असं करू नका. ऑक्सिजन सीओटूच्या रेषा नायट्रोजनपेक्षा कमी रुंदावतो, आणि दोन वेगळ्या रेषांवर हा फरक सारख्याच प्रमाणात पडेल असं नाही. रुंदी फिटमध्ये स्थिर धरली असेल तर हा फरक थेट डेल्टात उतरतो. पाण्याची वाफ तर याहून जोराने रुंदावते. पावसाळ्यात कोकणात बसून हवा मोजणार असाल तर आधी वाळवा, मग बोला.

झटपट बघायच्या गोष्टी

डेल्टा उणे ९८८-८९ असा काहीतरी अचाट आला तर भौतिकशास्त्र शोधू नका. हायट्रॅन या रेणूंच्या रेषांच्या संदर्भ-यादीतल्या तीव्रता पृथ्वीवरच्या नैसर्गिक प्रमाणाने आधीच गुणलेल्या असतात. फिटमधून येणारं गुणोत्तर म्हणून १ च्या जवळ येतं आणि ते एकदाच ०.०११२ ने गुणायचं असतं. कोणीतरी दोनदा गुणलंय. शून्याच्या ऐवजी अधिक ८८,००० आला तर एकदाही गुणलेलं नाही.

सिलिकॉन रबरची नळी सीओटूला जवळपास चाळणीसारखी आहे. दोन टोकांना स्टील आणि मध्ये वळायला सोपं म्हणून वीतभर सिलिकॉन, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं. काढून टाका.

रेग्युलेटर उघडल्यावर पहिला गॅस फेकून द्या. आतल्या मोकळ्या जागेत रात्रभर उभा असलेला गॅस सिलेंडरमधल्या गॅससारखा नसतो.

शिखराची जागा स्वीपमध्ये सरकत असेल आणि डेल्टा तिच्याबरोबर चालत असेल तर लेझरचं स्वतःचं तापमान किंवा करंट हलतोय. स्वीपच्या सुरुवातीला आणि शेवटाला लेझर वेगवेगळ्या वेगाने फिरतो. दोन्ही रेषा एकत्र सरकल्या तरी त्यांच्या रुंदीचं माप एकसारखं बदलत नाही. जर्मेनियमच्या एटॅलॉनने (ठरावीक अंतरावर शिखरं देणाऱ्या समांतर बाजूंच्या तुकड्याने) स्वीपचा तरंगांक-आलेख नव्याने घ्या आणि शिखर जागेवर धरायला संदर्भ सेलचा फीडबॅक लावा.

दुरुस्ती झाली का, हे कसं कळणार

वाट बघून नाही. बॉक्सचं तापमान मुद्दाम एक अंशाने वाढवा, तासभर थांबा, परत खाली आणा. मग सेलचं तापमान वेगळं वाढवा, बॉक्स स्थिर ठेवून. दोन्ही वेळा डेल्टा किती हलला ते लिहा. सेलचा आकडा तुमच्या रेषांच्या पातळ्यांवरून काढलेल्या आकड्याशी जुळायला हवा. जुळला तर तोच गुणांक कोडमध्ये घाला, कारण तो रेणूंचा आहे आणि आरसा फिरवल्याने बदलणार नाही. बॉक्सचा आकडा शून्याच्या जवळ हवा. तो शून्य नसेल तर गुणांक लावू नका, पुन्हा नायट्रोजन भरा आणि लाट शोधा. आणि ऑप्टिक्सला कोणीही हात लावला, अगदी खिडकी पुसली तरी, ही दोन्ही मापं नव्याने घेऊन तारखेसह वहीत नोंदवा.